प्रकल्प नोंदी: दीड ओळीचे पक्ष

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

मराठी विकिपीडियावरचे महाराष्ट्रातल्या राजकीय पक्षांचे लेख एकदा नीट तपासायचे, असं आम्ही तिघांनी महिनाभरापूर्वी ठरवलं होतं. आज मुहूर्त लागला. तिघं म्हणजे नागपूरच्या ताई (निवृत्त ग्रंथपाल, त्यांच्यापुढे संदर्भाशिवाय तोंड उघडायची सोय नाही), नगरचा धाकटा (शाळेत गणित शिकवतो, तक्त्यांचं काम त्याच्याकडे) आणि मी.

बरेचसे लेख दीड ओळीचे आहेत. 'अमुक हा महाराष्ट्रातील एक राजकीय पक्ष आहे.' संपलं. बाजूला माहितीचौकट, तिच्यात संस्थापकाचं नाव, बाकी रकाने ओस. काही लेख एकाच अंकपत्त्यावरून (म्हणजे आयपी पत्त्यावरून) एकाच रात्री दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तयार झालेत. कुणीतरी निवडणूक आयोगाची यादी समोर ठेवून वरून खाली येत गेलंय, आणि 'म'पर्यंत पोचल्यावर झोप लागली असावी. 'म'नंतरच्या पक्षांवर अन्यायच झाला म्हणायचा.

प्रत्येक लेखाला तीनपैकी एक शेरा द्यायचा: ठेवा, यादीत विलीन करा, पानकाढा (म्हणजे लेखच काढून टाका).

धाकट्याने नियम सुचवला. विधानसभेत किंवा लोकसभेत कधीतरी एक जागा आली असेल तर लेख, नसेल तर यादीत एक ओळ. सुटसुटीत आहे, वाद होणार नाहीत. मला पटला. ताई फक्त 'बघू' म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला ठाऊक आहे.

३ ऑगस्ट, रविवार

नोंदणी आणि मान्यता यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक लेखात आहे, म्हणून इथे एकदा लिहून ठेवतो.

पक्षाची नोंदणी होते ती लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९-अ खाली. हे कलम १५ जून १९८९ पासून लागू आहे. लागतं काय? किमान शंभर सदस्य, त्यांची प्रतिज्ञापत्रं, पक्षाची घटना, दहा हजार रुपयांचा डीडी, स्थापनेपासून तीस दिवसांत अर्ज आणि वर्तमानपत्रांत जाहीर सूचना. आमच्या सोसायटीच्या नोंदणीला याहून जास्त चपला झिजल्या होत्या.

मान्यता निराळी. ती १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशानुसार मतांवर आणि जागांवर ठरते. विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन जागा, किंवा एकूण जागांच्या तीन टक्के (आपल्याकडे २८८ च्या हिशेबाने नऊ), किंवा नुसती आठ टक्के मतं, असे वेगवेगळे रस्ते आहेत. या रस्त्यांनी जे पोचत नाहीत ते 'नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्ष'. आमचे दीड ओळीचे लेख जवळपास सगळे यांचेच.

'नोंदणीकृत आहे, म्हणजे लेख हवाच' हा युक्तिवाद चर्चा पानांवर वारंवार दिसतो. शंभर माणसं आणि एक डीडी एवढ्यावर ज्ञानकोशात लेख द्यायचा तर मग भिशी मंडळांनी काय घोडं मारलंय?

५ ऑगस्ट, मंगळवार

एका पक्षाच्या सरचिटणीसांचं पत्र आलं. पक्षाचं नाव इथे लिहीत नाही. एका जिल्ह्यातला पक्ष, तीनदा निवडणूक लढवलेला, जागा नाही. त्यांच्या दीड ओळीवर 'यादीत विलीन करा' असा साचा (लेखावरची सूचनापट्टी) मी लावला होता, तो त्यांच्या नजरेस पडला. पत्र सभ्य आहे, वयस्कर माणसाचं वाटतं. 'आपण आमच्या पक्षाची नोंद पुसू पाहत आहात असे समजते' अशी सुरुवात आणि खाली वर्तमानपत्रांची सहा कात्रणं जोडलेली.

कात्रणं संध्याकाळी मोठी करून वाचली. तीन कात्रणं तीन वेगवेगळ्या दैनिकांच्या जिल्हा पानांवरची, निवडणुकीच्या आठवड्यातली. मथळे वेगळे, फोटो तोच. दुसरं वाचताना काहीतरी खटकलं म्हणून पहिल्याकडे परत गेलो. पहिल्यात 'पक्षाच्या जाहीरमान्यात शेतकऱ्यांना दिवसा वीज' असं छापलंय. जाहीरनाम्याचा 'जाहीरमाना'. दुसऱ्यात पाहिलं, जाहीरमाना. तिसऱ्यातही जाहीरमाना. तीन वार्ताहर, तीन उपसंपादक आणि चूक एकच. म्हणजे पक्षाच्या कचेरीत टंकलेलं प्रसिद्धिपत्रक तिन्हीकडे जसंच्या तसं उतरलं.

ही पैसे देऊन छापलेली बातमी आहे असं मी म्हणत नाही. प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं लावणं हा जिल्हा पानाचा रोजचा धर्म आहे. पण आपल्याकडे या बाबतीत डोळे उघडे ठेवावेच लागतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः कसा आला हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं, आणि 'पेड न्यूज'वर भारतीय वृत्तपत्र परिषदेत २०१० मध्ये अहवालही झाला. तेव्हा निवडणुकीच्या पंधरवड्यातलं कात्रण 'स्वतंत्र स्रोत' म्हणून धरताना हात आखडता हवा.

उरलेल्या तीन कात्रणांपैकी दोन उमेदवारांच्या याद्या. एक मात्र बरं होतं: धरणाच्या उजव्या कालव्याच्या पाण्यासाठी या पक्षाच्या लोकांनी केलेल्या ठिय्याची बातमी, वार्ताहराच्या नावानिशी, तहसीलदारांचं म्हणणंही विचारून लिहिलेली. एवढं एकच कात्रण पक्षाबाहेरच्या माणसाने स्वतः जाऊन लिहिलेलं आहे.

सरचिटणीसांना उत्तर पाठवलं. कात्रण क्रमांक पाच चांगलं आहे, असं आणखी काही असेल तर पाठवा.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीचा दिवस, घरात पाहुणे. दुपारी धाकट्याचा फोन: आयोगाने ३३४ पक्ष नोंदणीतून वगळले. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले आणि दिलेल्या पत्त्यावर न सापडणारे. आधी असे अमान्यताप्राप्त पक्ष २,८५४ होते, आता २,५२० राहिले. राष्ट्रीय पक्ष सहा आणि राज्य पक्ष ६७ आहेत, त्यांना अर्थातच धक्का नाही.

धाकटा खुशीत होता. 'आयोगानेच साफसफाई केली, आपण फक्त मागे झाडू फिरवायचा.'

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी तिघांचं बोलणं झालं, जरा तापलंच. धाकट्याचं म्हणणं, यादीतून गेलेल्या पक्षाचा लेख ठेवून काय उपयोग? ताईंनी विचारलं, 'स्वतंत्र पक्षाचं काय करणार?' राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९ मध्ये काढलेला, १९६७ च्या लोकसभेत ४४ खासदार असलेला पक्ष १९७४ मध्ये भारतीय लोक दलात विरला. कलम २९-अ आलं त्यानंतर पंधरा वर्षांनी. त्या कलमाखाली या पक्षाची नोंदणी झाली नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं. म्हणून लेख काढायचा?

धाकटा म्हणाला, तो मोठा पक्ष होता. ताई म्हणाल्या, मग तुझा मुद्दा नोंदणीचा नव्हताच.

हे मला पटलं. नोंदणी मिळाली म्हणून लेखाची पात्रता आली नाही, तर ती गेली म्हणून पात्रता जाईल कशी? एखाद्या विषयाची उल्लेखनीयता, म्हणजे बाहेरच्या स्वतंत्र लिखाणावरून ठरणारी लेखाची पात्रता, एकदा सिद्ध झाली की ती ओसरत नाही, असं विकिपीडियाचं धोरणही सांगतं. आयोग त्याच्या कामापुरता हिशेब करतो, आणि तो हिशेबही अलीकडचा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगाला नाही, फसवून नोंदणी मिळवल्यासारखे मोजके अपवाद सोडून. म्हणून तर 'रद्द' हा शब्द टाळून 'यादीतून वगळले' अशी भाषा येते. आपल्या लेखांतही तीच वापरायची. दोन लेखांत 'मान्यता रद्द' लिहिलेलं सापडलं, दुरुस्त केलं. जी कधी मिळालीच नव्हती ती रद्द कुठून होणार!

सरचिटणीसांचा पक्ष वगळलेल्यांत नाही. मुद्दाम पाहिलं. मनात कुठेतरी हायसं वाटलं, का ते कळलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज धाकट्याच्या एक-जागा-नियमाची परीक्षा घेतली. २००४ ची विधानसभा निवडली, कारण त्या वर्षी एकेक जागेचे पक्ष बरेच होते. त्याने तक्ता केला: राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, शिवसेना ६२, भाजप ५४, जनसुराज्य शक्ती ४, माकप ३, शेकाप २, अपक्ष १९. आणि एकेक जागा चौघांना: भारिप बहुजन महासंघ, आठवले गटाचा रिपब्लिकन पक्ष, अखिल भारतीय सेना, स्वतंत्र भारत पक्ष. बेरीज २८८, बरोबर.

नियम लावला तर चौघांचं पारडं सारखं. प्रत्यक्षात?

भारिप बहुजन महासंघ म्हटलं की 'अकोला पॅटर्न' आलाच. बौद्ध, छोटे ओबीसी समाज, आदिवासी यांची मोट बांधून जिल्हा परिषदेपासून सत्ता मिळवायची, या गणितावर कितीजणांनी लिहिलंय. ते लिखाण पक्षाबद्दल आहे. उद्या संस्थापकाचं नाव झाकलं तरी सांगण्यासारखं उरतं.

अखिल भारतीय सेनेची जागा चिंचपोकळीची, आमदार स्वतः अरुण गवळी. छापलेला मजकूर रग्गड, पण तो जवळजवळ सगळा त्या एका माणसाभोवती. पक्षाची रचना काय, शाखा किती, ठराव कोणते, हे विचारलं की पानं कोरी. हा लेख पुढच्या फेरीत बघू.

उलट बाजूने लाल निशाण पक्ष घ्या. कम्युनिस्ट पक्षातून १९४०च्या दशकात बाहेर पडलेल्यांची आधी नवजीवन संघटना, मग हा पक्ष. जागांत मोजलं तर हाती फारसं लागत नाही. पण साखर कामगार आणि शेतमजूर यांच्या चळवळींचा इतिहास लिहायला बसा, हे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

धाकट्याने स्वतःच नियम खोडला. 'जागा हा पुरावा शोधायची जागा दाखवतो, तेवढंच,' म्हणाला. शिक्षक आहे, चूक फळ्यावर पुसायची सवय आहे.

राहिला स्वतंत्र भारत पक्ष. तो माझ्या वाट्याला.

१७ ऑगस्ट, रविवार

स्वतंत्र भारत पक्ष. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ मध्ये काढलेला. २००४ ला राजुऱ्यातून (जिल्हा चंद्रपूर) वामनराव चटप निवडून आले. त्याच वर्षी जोशी राज्यसभेवर गेले आणि २०१० पर्यंत होते. आमच्या मसुद्यात आत्ता एवढंच आहे, आणि त्यातलंही निम्मं आधीच 'शरद जोशी' या लेखात आहे.

प्रश्न असा की पक्षाबद्दल म्हणून जे छापलं गेलंय ते खरोखर पक्षाबद्दल आहे का. एक प्रयोग केला. मिळाले ते सतरा लेख आणि बातम्या छापून घेतल्या, जमिनीवर पसरल्या आणि मुलीच्या कंपासपेटीतले तीन रंग घेतले. जोशींबद्दलचं वाक्य असेल तर लाल, शेतकरी संघटनेबद्दलचं असेल तर निळं, पक्षाबद्दलचं असेल तर हिरवं.

दोन तासांनी लाल पेन्सिलीला दोनदा टोक काढावं लागलं. निळीला एकदा. हिरवीचं टोक कोरं करकरीत. एका आख्ख्या पानाच्या लेखात हिरवं एकच वाक्य होतं, तेही 'त्यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षाची स्थापना केली' एवढंच. मुलगी येऊन म्हणाली, बाबा, रंग जरा सगळे वापरा की.

साताऱ्याचा जन्म (१९३५), टपाल खात्यातली नोकरी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघातलं पद, ते सोडून चाकणजवळ आंबेठाणला घेतलेली कोरडवाहू जमीन, कांदा आंदोलन. मोह होतो हे सगळं पक्षाच्या लेखात घालायचा, कारण गोष्ट फार चांगली आहे. पण ती जोशींची गोष्ट. संस्थापकाचं मोठेपण पक्षाला वारशाने मिळत नाही, हे ताईंनी आतापर्यंत चार वेळा ऐकवलंय.

रात्री मसुद्यावर शेरा लिहिला: 'शरद जोशी'कडे पुनर्निर्देशन, म्हणजे वेगळा लेख नाही, शोधणारा थेट त्या लेखावर पोचेल. जीव थोडा हळहळला.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. ताई माहेरी वर्ध्याकडे गेल्या होत्या, तिथे त्यांनी मावसभावाकडे विषय काढला. हे भाऊ जुने संघटनावाले, छातीवर लाल बिल्ला लावून हिंडलेले. ताईंनी सांगितलेलं इथे उतरवतो, अर्थात लेखात यातलं काही वापरता येणार नाही, घरगुती बोलणं आहे.

भाऊ म्हणाले, आम्हाला पक्ष निघाल्याचा आनंद कमी आणि धक्का जास्त होता. शेतमालाला भाव हा एककलमी कार्यक्रम, राजकारण्यांना गावबंदी करणारे आम्ही, आणि आता आम्हीच मतं मागायची? गावात लोक टोमणे मारायचे. काही जण गेले, काही घरी बसले. भाऊ स्वतः एका निवडणुकीत प्रचाराला फिरले आणि पुढच्या निवडणुकीत फिरले नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बैलाच्या शिंगांना बेगड लावत बसले.

ताई म्हणाल्या, 'तुझ्या हिरव्या पेन्सिलीचा विषय हा आहे. तू पक्षाची बातमी शोधत होतास. पक्ष काढावा की नाही यावरचा वाद शोध.'

२४ ऑगस्ट, रविवार

ताईंचं खरं निघालं. मी 'स्वतंत्र भारत पक्ष' एवढीच अक्षरं शोधत होतो. 'शेतकरी चळवळ आणि निवडणुका' या अंगाने गेलो तेव्हा दुसराच ढीग हाती लागला. निवडणुकीच्या राजकारणापासून लांब राहू असं सुरुवातीला जाहीर सांगणारी चळवळ पक्ष का काढते, पक्षाने चळवळीला काय दिलं आणि काय नेलं, यावर अभ्यासकांनी लिहिलेलं आहे, टीकाही भरपूर आहे. संघटनेच्या 'शेतकरी संघटक' या पाक्षिकातला मजकूर बाजूला ठेवला. तो घरचाच, ठरावांच्या तारखांपुरता चालेल. गेल ऑम्व्हेट यांचं लिखाण संघटनेबद्दल मोलाचं, पण त्या चळवळीच्या जवळच्या, तेव्हा तेही जपून.

दुसरा धागा विचारांचा. खुल्या बाजाराची बाजू घेणारी शेतकरी संघटना देशात दुर्मीळ, आणि त्याच भूमिकेवर उभा राहिलेला पक्षही. नाव उघडच राजाजींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण देणारं. आता गंमत बघा. कलम २९-अ नुसार नोंदणी हवी तर पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. सरकारने शेतीतून आणि बाजारातून हात काढावा असं म्हणणाऱ्या पक्षानेही समाजवादाची शपथ घ्यायची, तेव्हा कुठे अर्ज दाखल. या अटीवर उदारमतवाद्यांनी जो वाद घातला तो छापील आहे आणि तो पक्षाच्या लेखातच शोभेल. जोशींच्या चरित्रात तो उपरा वाटतो.

तिसरा धागा फुटींचा. २००४ च्या सुमाराला राजू शेट्टी वेगळे झाले, स्वाभिमानी शेतकरी संघटना निघाली, पुढे स्वाभिमानी पक्ष. शेट्टी हातकणंगल्यातून २००९ आणि २०१४ ला लोकसभेत गेले. म्हणजे मूळ पक्षाचा विधानसभेत एक आमदार आणि फांदीचा लोकसभेत दोनदा खासदार. जोशी भाजप-शिवसेनेच्या जवळ गेले हे या फुटीमागचं एक कारण. हे सांगायला वेगळा लेख लागतोच. कुठल्याही एका माणसाच्या चरित्रात ते मावत नाही.

पुनर्निर्देशनाचा शेरा काढून टाकला. धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या पानावर) नवीन मसुदा उघडला.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. काम नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज घसा बसलेला आणि कानात अजून ताशा. मसुद्याऐवजी एक आडवळण घेतलं, ते नोंदवतो, कारण त्याचा उपयोग झाला.

ताईंनी विचारलं होतं, फार जुन्या छोट्या पक्षांचं काय? उदाहरणादाखल लोकशाही स्वराज्य पक्ष. मुंबई इलाख्यात १९३७ ची निवडणूक लढवलेला, न. चिं. केळकर आणि जमनादास मेहता यांचा. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षासमोर हा अगदीच लहान. पण काँग्रेसने मंत्रिपदं घ्यायला आधी नकार दिला तेव्हा धनजीशा कूपर यांचं जे तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं, त्यात मेहता मंत्री होते. आणि रत्नागिरीची स्थानबद्धता १९३७ मध्ये उठल्यावर सावरकर आधी या पक्षात आले, हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले ते नंतर, वर्षाअखेर.

जालावर या पक्षाबद्दल शोधा, फारसं काही मिळणार नाही. मराठीत तर नाहीच. कपाटातल्या पुस्तकांत मात्र तो ठिकठिकाणी आहे. जालावर सापडत नाही म्हणून उल्लेखनीय नाही, हा निष्कर्ष आपल्या भाषेत काढताच येत नाही; आपले निम्मे स्रोत अजून वाळवी आणि कुलपं यांच्या ताब्यात आहेत. हाच न्याय सरचिटणीसांच्या पक्षालाही लावायला हवा. पण त्यांचा पक्ष १९३७ चा नाही, या शतकातला आहे. त्याच्याबद्दल कुणी लिहिलं असतं तर जिल्ह्याच्या गावी कुणाला तरी माहीत असतं, आणि पहिल्यांदा ते सरचिटणीसांना माहीत असतं.

लोकशाही स्वराज्य पक्षाचा लेख ताई लिहिणार. मंत्रिमंडळाच्या तारखा मूळ कागदांवरून पक्क्या करूनच.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्वतंत्र भारत पक्षाचा मसुदा पुरा. वाद झाला तो एका मतावरून.

९ मार्च २०१०. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. विरोधातलं ते एक मत शरद जोशींचं. धाकट्याला हे पक्षाच्या लेखात ठळक हवं होतं: संसदेत पक्षाचा एकच सदस्य, त्याने दिलेलं मत हे पक्षाचंच मत. आकड्यांच्या भाषेत शंभर टक्के. ताई म्हणाल्या, ती व्यक्तीची भूमिका.

मी मध्ये पडलो. नुसतं मत नोंदवलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हा बायकांच्या विरोधातला पक्ष. पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवणारी, नंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून बायकोच्या नावे जमीन करायला लावणारी चळवळ हीच. जोशींचा आक्षेप आळीपाळीने मतदारसंघ राखीव ठेवण्याच्या पद्धतीवर होता. हे सगळं एकत्र आलं तरच त्या एका मताचा अर्थ लागतो, आणि एकत्र मांडायची जागा जोशींचा लेख. पक्षाच्या लेखात एक वाक्य आणि दुवा. ताईंनी मान डोलावली. धाकटा म्हणाला, एकाच माणसाचं एकच मत दोन लेखांत वाटून घेणारे आपणच.

चटपांच्या राजुऱ्याला मात्र पूर्ण परिच्छेद दिला. वेगळ्या विदर्भाच्या मागणीचा धागा तिथूनच जातो.

मसुद्यातून काढलेले शब्द: 'झुंजार', 'द्रष्टे', 'शेतकऱ्यांचा कैवारी'. घातलेले शब्द: काही नाही. लेख तेवढ्यानेच सुधारला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आयोगाने आणखी ४७४ पक्ष वगळल्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांत ८०८. आमच्या दीड ओळींपैकी काही त्यात आहेत. लेखांच्या शेऱ्यांत त्यामुळे बदल करायचा नाही. यादीत 'वगळल्याची तारीख' असा रकाना वाढवला. धाकट्याने सांगकाम्याकडून (आपोआप संपादनं करणाऱ्या बॉटकडून) करून घेऊ म्हटलं, पण पक्षांची नावं यादीत इंग्रजी वळणाची आणि आपल्याकडे चार तऱ्हांनी लिहिलेली. 'पक्ष', 'पार्टी', 'पक्षा'. हातानेच करावं लागणार.

२० सप्टेंबर, शनिवार

शेरे पक्के केले. बहुतेक दीड ओळी यादीत विलीन. स्वतंत्र भारत पक्ष ठेवला, वाढवला, 'स्वतंत्र पक्ष'शी गल्लत होऊ नये म्हणून दोन्हीकडे वर टीप टाकली. सरचिटणीसांचा पक्ष यादीत, ठिय्याच्या बातमीच्या संदर्भासह. पानकाढा फार थोड्यांना, जिथे पक्ष होता याचाच पुरावा मिळाला नाही.

सरचिटणीसांना पत्राने कळवणं बरं वाटेना, म्हणून फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जाहीरमान्याचं सांगितलं तेव्हा मोठ्याने हसले. 'ते मीच टाइप केलं होतं हो. चष्मा नव्हता.'

मग म्हणाले, यादीत तुम्ही आमचं चिन्ह कपबशी दिलंय, ते चुकलं. मी म्हटलं, अमान्यताप्राप्त पक्षाला कायमचं चिन्ह नसतं. पाच टक्के जागा लढवल्या तर त्या निवडणुकीपुरतं सगळ्यांना एकच चिन्ह मागता येतं, नाही तर उमेदवारागणिक वेगळं. ते म्हणाले, मला शिकवता काय, मीच रांगेत उभा होतो. कपबशी दुसऱ्या वेळेला. पहिल्यांदा शिलाई मशीन, तिसऱ्यांदा दोघांना शिट्टी आणि एकाला पुन्हा शिलाई मशीन.

संदर्भ मागितला. नमुना मतपत्रिका माळ्यावरच्या पेटीत असतील, नातू सुट्टीला आला की उतरवून पाठवतो म्हणाले. चिन्हाचा रकाना तोवर कोरा केलाय.